घरातली रेल्वे: मॉडेल इंजिनं आणि रूळ बनवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या खोलीतला लेआउट (फळीवर मांडलेली छोटी रेल्वे) बघायला येणारे लोक, रात्री साडेदहाला फोन करून "गाडी सांध्यावरच (जिथे एका रुळातून दुसरा फुटतो) का पडते?" असं विचारणारे मित्र, नुकतंच पहिलं इंजिन घेतलेली कॉलेजची मुलं, अशा सगळ्यांचे हे प्रश्न आहेत. वर्षानुवर्षं तेच येत राहिले म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. विचारणारे बहुतेक इंजिनाबद्दल विचारतात, आणि अडचणीचं मूळ बहुतेक वेळा रुळात सापडतं. त्यामुळे रुळांबद्दल इथे जरा जास्तच वाचायला मिळेल.

१. स्केल आणि गेज यांत फरक काय? दुकानात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात.

खरी वस्तू किती पट लहान केली ते प्रमाण म्हणजे स्केल. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. एचओ हे १:८७ चं स्केल आहे आणि त्याचे रूळ १६.५ मिमी गेजचे असतात. ब्रिटिश ओओ स्केल १:७६ चं, पण त्याचेही रूळ १६.५ मिमीचेच. म्हणून ओओचं इंजिन एचओच्या रुळांवर बिनधास्त चालतं, फक्त शेजारी एचओचा डबा उभा केला की इंजिन थोराड दिसतं. एन स्केल साधारण १:१६०, रूळ ९ मिमी. ओ स्केल देशानुसार १:४३.५, १:४५ किंवा १:४८, आणि रूळ ३२ मिमी. खरेदी करताना "एचओ आहे ना?" एवढं विचारून थांबू नका. प्रमाण आणि गेज, दोन्ही आकडे विचारून घ्या.

२. नवशिक्याने कोणतं स्केल घ्यावं?

हाताने काही बनवायचं असेल तर एचओ. एनमध्ये जागा वाचते, पण रेलिंगची तार केसासारखी होते आणि पहिल्याच प्रयत्नात माणूस वैतागतो. ओमध्ये काम करायला मजा येते, पण जागा खूप लागते. अंदाज घ्या: एलएचबी (नव्या पद्धतीचा प्रवासी) डबा खऱ्यात २४ मीटर, म्हणजे एचओमध्ये २७.६ सेंमी. डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन साडेवीस मीटर, म्हणजे २३.६ सेंमी. एक इंजिन आणि चार डबे धरले तरी गाडी १ मीटर ३४ सेंमीची झाली. हीच गाडी एनमध्ये पाऊण मीटरच्या आत बसते. आधी भिंत मोजा आणि मग स्केल ठरवा.

३. आमचा वन बीएचके आहे. चार बाय आठ फुटांची पाटी ठेवणार कुठे?

ठेवूच नका. दीड मीटर लांब आणि ३० सेंमी रुंद फळी पुरते. त्यावर इंग्लंडमधल्या हौशी लोकांत रुळलेली 'इंगलनूक' रचना मांडा: दोन सांधे आणि तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बंद टोकाचे रूळ). एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांत तीन-तीन, आणि पुढे इंजिन व तीन वाघिणींपुरता मोकळा रूळ. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमाने गाडी लावायची. असे ६,७२० वेगवेगळे क्रम होतात. चारचाकी वाघीण एचओमध्ये साधारण १० सेंमीची, त्यामुळे हे सगळं कपाटावर बसतं. फक्त गोल गोल फिरणारी गाडी आठवड्यात कंटाळा आणते. शंटिंगचा कंटाळा मला अजून आलेला नाही.

४. भारतीय ब्रॉडगेज इंजिन एचओ रुळांवर ठेवलं की काहीतरी चुकल्यासारखं का दिसतं?

तुमची नजर बरोबर आहे. १६.५ मिमीला ८७ ने गुणलं की १,४३५ मिमी येतं. हे युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये ते १९.३ मिमी हवं. पावणेतीन मिमीची ही तूट समोरून बघताना लगेच जाणवते. रुंद अंगाचं इंजिन अरुंद पायांवर उभं राहिल्यासारखं दिसतं.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, तडजोड स्वीकारायची. बहुसंख्य लोक हेच करतात. चाकांच्या बाहेरच्या बाजू काळपट रंगवल्या, बोगीच्या (म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्याच्या, डब्याच्या नव्हे) बाजूच्या फ्रेम योग्य रुंदीवर बसवल्या आणि लेआउट बाजूने बघायची सोय ठेवली, तर फरक बराच झाकला जातो. दुसरा, रूळ १६.५ मिमीचेच ठेवायचे आणि इंजिन-डबे १:१०१.६ ने बनवायचे. गेज तंतोतंत जुळतं. मात्र या प्रमाणातली माणसं, झाडं किंवा ट्रक बाजारात सहज मिळत नाहीत, बरंचसं स्वतः बनवावं लागतं. तिसरा, १९.३ मिमीचे रूळ स्वतः टाकायचे आणि प्रत्येक आसावरची चाकं बाहेर सरकवायची. सांधेसुद्धा घरीच बनवावे लागतात.

तिसऱ्या मार्गाने मी दोन फूट रूळ टाकले आहेत, तेही फक्त मांडणीसाठी. रुळांखालचा आडवा स्लीपर ३१.६ मिमी लांब (खरा २.७५ मीटर), दोन स्लीपरच्या मध्यांतलं अंतर ६.९ मिमी (खऱ्यात ६० सेंमी). त्यावर इंजिन उभं केलं आणि खाली वाकून समोरून पाहिलं, तेव्हा ते पहिल्यांदा कल्याण यार्डातल्यासारखं वाटलं. चालत्या लेआउटला मात्र मी पहिलाच मार्ग सुचवेन.

५. माथेरान किंवा बार्शी लाइटची गाडी करायची आहे. कोणते रूळ घ्यायचे?

दोन्ही नॅरोगेज म्हणून ओळखल्या जातात, पण गेज वेगळं. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान ६१० मिमीची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने उभी केलेली, १८९७ पासूनची बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमीची. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतलाही ७६२ चीच.

७६२ साठी सोपं आहे. १:८७ ला ८.८ मिमी येतं, त्यामुळे एन स्केलचे ९ मिमीचे रूळ आणि एनचीच चालती चासी (मोटर आणि चाकांसह खालचा सांगाडा) वापरता येते. फक्त एनचे स्लीपर बारीक आणि दाट असतात. ते एकाआड एक कापून काढा, किंवा खास नॅरोगेजसाठी बनवलेले ९ मिमीचे रूळ घ्या. या एका गोष्टीने चित्र पालटतं.

माथेरानसाठी १:८७ घेतलं तर ७ मिमी हवेत, म्हणजे एनहूनही लहान अशा झेड स्केलच्या ६.५ मिमी रुळांवर जावं लागतं. ते काम फार नाजूक होतं. त्यापेक्षा स्केल मोठं करा. १२ मिमीच्या रुळांवर १:५० धरलं तर गेज जवळजवळ अचूक बसतं आणि ऑरेनस्टाइन अँड कॉपेलच्या त्या छोट्या वाफेच्या इंजिनाचे तपशील हातात मावतात. माथेरानची वळणं मुळातच अतितीव्र, त्यामुळे छोट्या जागेतली तीव्र वळणं इथे खोटी वाटत नाहीत.

६. मापं कुठून मिळवायची? माझ्याकडे ड्रॉइंग नाही.

एक माप पक्कं माहीत असलं की फोटोवरून बाकीची काढता येतात. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन बफरसह १७.१२ मीटर. आयसीएफ (जुन्या पद्धतीचा प्रवासी) डबा बफरसह २२.३ मीटर. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनांची नवी चाकं १,०९२ मिमी व्यासाची, डब्यांची ९१५ मिमी. फोटो अगदी काटकोनात, लांब उभं राहून झूम करून काढा. जवळून काढला की कडा वाकतात आणि मापं फसतात. मग फोटोतलं चाक मोजायचं आणि त्या प्रमाणात खिडकी, दार, जाळी काढायची. चाक झिजलेलं असू शकतं, म्हणून लांबीवरूनही एकदा ताळा करा.

उभी इंजिनं निवांत बघायची असतील तर सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जा. पुण्यात कर्वे रस्त्यापाशी जोश्यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. चालता लेआउट कसा दिसतो ते तिथे कळतं. मापासाठी रुळांवर मात्र उतरू नका. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि जिवाची किंमत कोणत्याही मापापेक्षा मोठी आहे.

७. पहिलं इंजिन पूर्ण शून्यातून बनवू, की तयार चासीवर नवं कवच चढवू?

तयार चासी घ्या. मोटर, गिअर आणि सर्व चाकांतून वीज उचलणं हे घरी जमायला वर्षं जातात. डब्ल्यूडीएम-२ मुळात अमेरिकेच्या अल्कोचं डिझाइन. त्यामुळे अल्कोच्या सहा आसांच्या आरएसडी मालिकेतल्या एचओ मॉडेलची चासी त्याला जवळची पडते. बोगीच्या तीन आसांमधली अंतरं सारखी नाहीत, ही अल्कोची खूण तिथे आयती मिळते. समान अंतराच्या आसांची चासी वापरलीत तर जाणकाराच्या नजरेला ते पहिल्या क्षणी खटकेल.

चासी मागवण्यापूर्वी आसांची संख्या आणि पहिल्या ते शेवटच्या आसामधलं अंतर लिहून मागा. माझ्याकडे एकदा एका विक्रेत्याने चार आसांची चासी सहाची म्हणून पाठवली. परत पाठवण्यात दोन महिने गेले.

८. कवच कशाचं करू? पुठ्ठा, प्लास्टिक शीट की थ्रीडी प्रिंट?

पहिलं कवच पुठ्ठ्याचं करा, तेही फेकून द्यायच्या तयारीने. छपाईवाल्याकडचं जाड आयव्हरी कार्ड चालतं. प्रमाण चुकलंय का, खिडक्या जागेवर आहेत का, हे वीस रुपयांच्या कार्डात कळतं.

खरं कवच अर्धा ते एक मिमीच्या स्टायरीन शीटचं. कटरने दोन-तीनदा हलकी रेघ ओढायची आणि वाकवून तोडायची, एका दमात आरपार कापायचं नाही. आतून कोपऱ्यात चौकोनी पट्ट्या लावल्या नाहीत तर महिन्याभरात बाजू आत ओढल्या जातात.

थ्रीडी प्रिंटमध्ये फिलामेंटपेक्षा रेझिन बारकाव्यांना फार चांगलं. जाळ्या, हॉर्न, बोगीच्या फ्रेम यासाठी मी तेच वापरतो. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा, न वाळलेलं रेझिन त्वचेला त्रास देतं. लांब सपाट भिंती मात्र मला अजूनही शीटच्याच सरळ वाटतात. प्रिंट हळूहळू बाक धरते.

९. तपशील कुठून सुरू करायचे?

नजर जिथे आधी जाते तिथून: समोरच्या काचा, हेडलाइट, रेलिंग, गुरं अडवणारा काऊकॅचर. साच्यातून आलेली जाड प्लास्टिकची रेलिंग खरवडून काढा आणि तार बसवा. खरी रेलिंग साधारण ३०-३५ मिमी जाडीच्या नळीची, म्हणजे १:८७ मध्ये ०.४ मिमी. तेवढीच पितळी तार आणि तेवढंच ड्रिल घ्या. ड्रिल हातात फिरवायचं, यंत्रावर लावायचं नाही. आधी सुईने खूण करा, नाहीतर टोक घसरतं. तार दोन्ही बाजूंना वाकवून भोकांत घालताना मध्ये पुठ्ठ्याची पट्टी सरकवली की सगळ्या रेलिंग कवचापासून सारख्या अंतरावर राहतात. मग आतल्या बाजूने सुपरग्लूचा थेंब. बाहेरून लावला तर डाग राहतोच.

१०. स्प्रे मारल्यावर रंग पांढुरका पडला. रंगाचा डबा खराब आहे का?

बहुतेक वेळा हवा दमट असते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर बाष्प धरतं. मी एकदा जुलैत भर पावसात तीन डब्यांवर लॅकर मारलं आणि दहा मिनिटांत तिन्ही डब्यांवर दुधाची साय आल्यासारखं झालं. कोरड्या दिवशी त्यावर अगदी पातळ हात मारल्यावर दोन सुधारले, तिसरा खरवडावा लागला. तेव्हापासून कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर मी फक्त कापतो, जोडतो आणि पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक ब्रशने लावतो. फवारणीचं काम दिवाळीनंतर.

११. डब्यावरची देवनागरी अक्षरं कशी आणायची?

पाण्यात भिजवून सोडायचा डीकल कागद घ्या आणि घरच्या प्रिंटरवर छापा. इंकजेटची शाई पाण्यात फुटते, म्हणून छापल्यावर पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात देऊन रात्रभर वाळवा, मगच पाण्यात टाका. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. निळ्या डब्यावर पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डीकलवर भोवतालचा निळा रंग छापून अक्षरांची जागा कोरी सोडावी लागते, आणि तो निळा डब्याच्या निळ्याशी जुळवायला पाच-सहा नमुने काढावे लागतात.

शब्द खऱ्या डब्यावर बघून लिहा. मध्य रेल्वेच्या इंजिनांवर 'मध्य रेल' असं असतं, आपण बोलतो तसं 'मध्य रेल्वे' नाही. डब्याच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात, तेव्हा मनाला येईल तो क्रमांक टाकू नका. फलाटावरची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत.

१२. डेक्कन क्वीन कोणत्या रंगात करू? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सगळेच बरोबर असतात, काळ वेगळा असतो. गाडी १ जून १९३० ला सुरू झाली, १९६६ मध्ये जुने डबे जाऊन नवे आले, आणि जून २०२२ मध्ये एलएचबी डबे लाल-हिरव्या नव्या रंगात आले. बहुतेकांच्या मनातली निळी-पांढरी गाडी मधल्या आयसीएफ काळातली. आधी साल ठरवा. सालावरून डबा ठरतो, डब्यावरून लांबी आणि कपलिंग. एलएचबी डब्याला सेंटर बफर कपलर असतो, त्यामुळे आयसीएफसारखे बाजूचे गोल बफर त्यावर लावू नका. ही चूक मी विकत मिळणाऱ्या मॉडेलांतही पाहिली आहे.

१३. रुळांवर 'कोड १००', 'कोड ७५' लिहिलेलं असतं. ते काय?

रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे ०.१०० इंच, २.५४ मिमी. आता ताळा बघा. आपल्याकडच्या ६० किलोच्या रुळाची उंची १७२ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये २ मिमीला जराशी कमी. कोड ७५ चा रूळ १.९ मिमीचा, जवळजवळ तोच. कोड १०० मात्र खऱ्या मापात २२ सेंमी उंच रूळ होतो. एवढा रूळ कुठेही नसतो. इंजिनावर महिने घालवून ते कोड १०० वर उभं केलं की सगळं खेळण्यातलं दिसू लागतं.

अपवाद: जुन्या मॉडेलांच्या चाकांच्या कडा खोल असतात. त्या कोड ७५ च्या आतल्या खिळ्यांवर खडखडतात. अशी चाकं बदला, किंवा दिसणाऱ्या भागात ७५ आणि लपलेल्या भागात १०० वापरा. दोन्ही जोडणाऱ्या खास जोडपट्ट्या मिळतात.

१४. खडी कोणती वापरू आणि चिकटवू कशी?

खऱ्या रुळाखालची खडी २० ते ६५ मिमीची, म्हणजे आपल्याला साधारण पाव ते पाऊण मिमीची हवी. बाजारातली तयार खडी बऱ्याचदा याहून मोठी असते आणि रंगाने फिकट. महाराष्ट्रातली खडी काळ्या बेसॉल्टची. ओली असली की निळसर काळी, उन्हात राखाडी. क्रशरवरची कच पिशवीभर आणा, धुऊन वाळवा आणि दोन चाळण्यांतून काढा. रव्याच्या चाळणीवर राहील ते टाकून द्या. खाली पडेल ते पिठाच्या चाळणीवर घ्या, तिच्यावर राहील ते वापरा, आणि तिच्यातून धूळ जाऊ द्या. ही चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

आता महत्त्वाचं. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. चाळलेली कच कागदावर पसरा, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवा. पिशवीला काळी लव चिकटलेली दिसेल. पिशवी उलटी करून ती टाकून द्या आणि लव येणं थांबेपर्यंत फिरवत राहा. हे केलं नाही तर तेच कण इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन बसतात. माझं एक शंटिंग इंजिन असं घरघरत बंद पडलं आणि उघडल्यावर आत काळी पेस्ट निघाली.

चिकटवताना खडी कोरडी पसरा. मऊ ब्रशने स्लीपरच्या वरच्या पातळीखाली आणा. रुळाच्या पोटाला आणि स्लीपरच्या डोक्यावर एकही दाणा राहू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारा. मग एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब हे मिश्रण ड्रॉपरने सोडा. आधी ओलं केलं नाही तर थेंब गोळा होऊन खडी उचलतो आणि खड्डे पडतात. चोवीस तास हात लावू नका, पावसाळ्यात दोन दिवस.

सांध्याच्या हलत्या जिभांपाशी गोंद सोडू नका. तिथे खडी हाताने, चिमटीने, कमीत कमी.

१५. खडी टाकली तरी रूळ चकचकीतच दिसतात.

रुळाच्या बाजू रंगवायच्या राहिल्या. खडी टाकण्यापूर्वी बाजूंना गंजाचा तपकिरी रंग द्या, त्यात थोडा काळा मिसळून. ओलसर असतानाच वरचा पृष्ठभाग कापडाने पुसून घ्या, वीज तिथूनच जाते. स्टेशनाजवळ, जिथे गाड्या ब्रेक लावतात, तिथे स्लीपरच्या मधल्या खडीवर तपकिरी पावडर जास्त टाका. ठाण्याच्या फलाटावर उभं राहून खाली बघा, ब्रेकच्या लोखंडी भुकटीने खडीचा रंग किती बदललाय ते दिसेल.

१६. गाडी नेमकी सांध्यावर घसरते. काय तपासू?

क्रमाने तपासा. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओमध्ये साधारण १४.४ मिमी हवं. कॅलिपरने प्रत्येक आस मोजा. एकच डबा घसरत असेल तर दोष जवळजवळ नेहमी इथेच निघतो. मग जिभेचं टोक रुळाला घट्ट चिकटतंय का ते बघा. कागदाची पट्टी आत जात असेल तर तिथे चाक चढणार. मग वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याला २८ ग्रॅम आणि वर प्रत्येक इंच लांबीला १४ ग्रॅम, म्हणजे आयसीएफ डबा साधारण १७० ग्रॅमचा व्हायला हवा. पुठ्ठ्याचे डबे याच्या निम्मेही भरत नाहीत. तळाशी नटबोल्ट चिकटवून वजन वाढवा, छतापाशी नको. एकाच जागी प्रत्येक डबा घसरत असेल तर रुळांचा जोड बोटाने चाचपा. खरचटलं तर कानस लावा.

१७. छोटं इंजिन सांध्यावर थांबतं, मोठं जातं. असं का?

सांध्याच्या क्रॉसिंगचा (जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो) काही भाग प्लास्टिकचा असतो. लहान इंजिनाची वीज उचलणारी चाकं त्याच क्षणी त्यावर येतात आणि वीज तुटते. धातूचं क्रॉसिंग असलेले सांधे घ्या आणि जिभेबरोबर त्याची ध्रुवता (धन-ऋण) बदलणारा स्विच जोडा. ते नको असेल तर डीसीसी (प्रश्न २०) इंजिनात कॅपॅसिटर बसवा, निमिषभराची वीज तो पुरवतो. एवढं करण्याआधी चाकं पुसून बघा (प्रश्न २२).

१८. वळण किती मोठं हवं?

सर्वात लांब डब्याच्या लांबीच्या निदान अडीच पट त्रिज्या असली तर गाडी कशीबशी जाते, तिप्पट असली तर बिनघोर जाते, साडेतीन पटीच्या पुढे बरी दिसायला लागते. एलएचबीसाठी तिप्पट म्हणजे ८३ सेंमी. संचासोबत येणारी ३६ ते ४४ सेंमीची वळणं चारचाकी वाघिणी आणि छोट्या इंजिनांसाठी ठीक आहेत. जागा नसेल तर वळण भिंतीमागे किंवा डोंगरात लपवा.

१९. घाट करायचाय. चढ किती ठेवू?

बोरघाट आणि थळघाटात चढ १:३७ पर्यंत आहे, जवळपास २.७ टक्के, आणि तिथे खऱ्या गाड्यांना कर्जत आणि कसाऱ्याहून बँकर (मागून ढकलणारी) इंजिनं लागतात. घरी १:५० ठेवा. एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी साडेसात सेंमी चढायचे तर १:५० ने पावणेचार मीटर लागतात, आणि तेवढीच जागा उतरायला. लोकांचा घाट इथेच फसतो. हा हिशोब आधी कागदावर करा. चढाची सुरुवात एकदम करू नका, पहिले ३०-४० सेंमी हळूहळू उचला, नाहीतर कपलिंग सुटतात. चढावर तीव्र वळण असेल तर चढ आणखी कमी.

बँकर लावायचीच असेल, आणि लावाच, बोरघाट त्याशिवाय बोरघाट वाटत नाही, तर दोन्ही इंजिनांचा वेग आधी रिकाम्या रुळावर जुळवून घ्या. मागचं इंजिन जास्त वेगाने ढकलू लागलं की मधले हलके डबे वळणावर बाहेर फेकले जातात.

२०. साधं डीसी की डीसीसी?

एका वेळी एकच इंजिन चालवणार असाल तर १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर वर्षानुवर्षं पुरेल. दोन किंवा जास्त इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी हाकायची, बँकर लावायची, हॉर्न वाजवायचा, तर डीसीसी. त्यात रुळांत कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा ऐकतो. इंजिन घेतानाच त्यात डीकोडरचं सॉकेट आहे का ते बघा.

डीकोडर नसलेलं इंजिन डीसीसी रुळावर उभं ठेवू नका. मोटर गुणगुणते आणि तापते.

दोन्हींत एक गोष्ट सारखी: जोडपट्ट्यांच्या भरवशावर वीज नेऊ नका. दर मीटरला रुळाला वायर सोल्डर करून खालच्या जाड वायरला जोडा. "गाडी लांबच्या टोकाला मंदावते" हा प्रश्न मग येत नाही.

२१. गाडी वळून त्याच रुळावर परत आणली की शॉर्ट होतं.

फुग्यासारख्या वळशात डावा रूळ फिरून उजव्याला मिळतो. वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापा. मधला तुकडा तुमच्या सगळ्यात लांब गाडीहून लांब हवा. डीसीमध्ये गाडी आत असताना दुहेरी स्विचने बाहेरची ध्रुवता उलटवा. डीसीसीत हे आपोआप करणारं मॉड्यूल मिळतं. त्रिकोणी रचनेतही हेच होतं.

२२. रूळ किती दिवसांनी पुसायचे? सँडपेपर चालेल?

सँडपेपर नको. चरे पडतात आणि चऱ्यांत मळ आणखी धरतो. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. रोज गाडी चालत असेल तर पंधरा दिवसांनी पुरतं. रस्त्याकडेची खिडकी असेल तर चालवण्याआधी प्रत्येक वेळी. चाकं त्याहून जास्त मळतात: रुळावर भिजवलेला टिश्यू ठेवा, एक बोगी त्यावर, एक उघड्या रुळावर, आणि इंजिन हाताने धरून चाकं फिरू द्या. काळे पट्टे उमटतील. किनारपट्टीत स्टीलचे रूळ घेऊच नका, गंजतात. निकेल सिल्व्हर घ्या. नावात चांदी असली तरी ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण आहे.

२३. उन्हाळ्यात रूळ वाकडे झाले.

रुळाचा दोष थोडा, फळीचा जास्त. एक मीटर रूळ वीस अंशांच्या फरकात जेमतेम तिसरा हिस्सा मिमी वाढतो. लाकूड आणि एमडीएफ मात्र पावसात फुगतात आणि एप्रिलमध्ये आक्रसतात. एमडीएफ टाळा. पाणी सोसणारं १२ मिमीचं प्लायवूड घ्या, चारही कडा आणि खालची बाजूसुद्धा रंगवा, आणि दर मीटरला जोडात अर्धा मिमी फट ठेवा. रूळ पावसाळ्यात टाकत असाल तर फट थोडी मोठी ठेवा, कारण फळी तेव्हा फुगलेली असते.

२४. मामाने जर्मनीहून जुनं मार्कलिन इंजिन आणलं. आमच्या एचओ रुळांवर ठेवताच शॉर्ट. बिघडलंय का?

बिघडलेलं नाही. मार्कलिनची एचओ पद्धत तीन वाहकांची. दोन्ही रूळ विजेच्या एकाच बाजूचे, आणि दुसऱ्या बाजूसाठी मधल्या ठिपक्यांवरून इंजिनाखालची पट्टी वीज उचलते. त्यामुळे त्याची चाकं एकमेकांपासून विलग केलेली नसतात, आणि आपल्या दोन रुळांवर ती शॉर्ट करतात. चाकं बदलून रूपांतर होऊ शकतं, पण जुनं इंजिन असेल तर मी ते करणार नाही. त्याचेच चार रूळ मिळवा आणि त्याच्यावर चालवा.

२५. घाटातला 'खेकडा' बनवता येईल का? वळणावर कसा जाईल?

येईल, आणि हे सगळ्यांत सुंदर काम आहे. डब्ल्यूसीजी-१, १९२८ पासून आधी जीआयपी रेल्वेच्या आणि पुढे मध्य रेल्वेच्या घाटांत मालगाड्या ओढलेलं १,५०० व्होल्ट डीसीचं इंजिन. त्यातलंच 'सर लेस्ली विल्सन' सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत उभं आहे. मधली केबिन आणि पुढे-मागे दोन नाकं, प्रत्येक नाकाखाली दांड्यांनी जोडलेली तीन आसांची चाकं. नाकं चाकांबरोबर वळतात, म्हणून लांब असूनही ते वळण घेतं. मॉडेलमध्येही केबिन आणि नाकं तीन वेगळे तुकडे ठेवा आणि केबिन दोन्ही चासींवर तरंगती टेकवा. केबिन आणि नाकामध्ये पाऊण ते एक मिमी फट लागते, वळण ६० सेंमीच्या आत असेल तर जास्त.

दांड्यांची भोकं खुंटीपेक्षा थोडी सैल ठेवा. आस गिअरने फिरतात, दांडी फक्त दिसण्यासाठी असते. भोक घट्ट असेल तर इंजिन लंगडत चालतं. माझ्या खेकड्याची एक दांडी दोनदा काढून ०.१ मिमीने मोठी केली, तेव्हा तो पहिल्यांदा १:५० चा चढ चार वाघिणी घेऊन, दांड्या सावकाश वरखाली करत चढला.